वेब पेजवरून बारकोड छापायचा तर: जेएसबारकोडपासून क्यूझेड ट्रेपर्यंतची पारख

पडद्यावर बारकोड झकास दिसतो, मोबाइलचा कॅमेरा तो क्षणात वाचतो, आणि तोच ५० बाय २५ मिलिमीटरच्या स्टिकरवर छापला की काउंटरवरचा स्कॅनर ढिम्म हलत नाही. बिलिंगचे किंवा गोदामाचे वेब-सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे ही तक्रार हमखास येते आणि पुष्कळ जण मग लायब्ररी बदलून पाहतात. दोष लायब्ररीचा क्वचितच असतो. तिने रेघा बरोबर काढलेल्या असतात, त्या कागदावर उतरताना बिघडतात. म्हणून इथे प्रत्येक साधन एकाच गोष्टीवर तोलले आहे: सर्वांत बारीक रेघ प्रिंटरच्या पूर्ण ठिपक्यांत बसवायला ते मदत करते, की आड येते?

आधी हिशेब, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. दुकानात दिसणारा साधा लेबल प्रिंटर २०३ डीपीआयचा असतो, म्हणजे इंचाला २०३ ठिपके, एका मिलिमीटरला ८ आणि एक ठिपका ०.१२५ मिलिमीटरचा. अर्धा ठिपका छापता येत नाही. ब्राउझरचा पिक्सेल मात्र इंचाला ९६ असा धरलेला. २०३ भागिले ९६ केले की २.११ येतात. म्हणजे एका पिक्सेलची रेघ छापताना ड्रायव्हरला २.११ ठिपके द्यायचे असतात. तो बहुतेक वेळा २ देतो आणि दर आठ-नऊ रेघांमागे एकदा ३. कोड १२८ या बारकोडच्या प्रकारात रेघांच्या जाड्या फक्त चार, एकपट ते चौपट. एकपट रेघ ३ ठिपक्यांची झाली आणि शेजारची दुप्पट ४ ची राहिली, की स्कॅनरने ओळखायचे कशावरून? ३०० डीपीआयच्या प्रिंटरवर हाच भागाकार ३.१२ येतो. चूक तीच, पण ३ चे ४ होणे हे २ चे ३ होण्याइतके घातक नाही. “३०० चा प्रिंटर घेतल्यावर आपोआप सुटले” असे लोक म्हणतात त्यामागे एवढेच आहे.

बारकोड बनवणारी साधने

जेएसबारकोड ही जावास्क्रिप्ट लायब्ररी बहुतेकांची पहिली निवड असते आणि ते योग्यच आहे. फुकट, हलकी, एमआयटी परवान्याची. कोड १२८, कोड ३९, ईएएन-१३, ईएएन-८, यूपीसी, आयटीएफ-१४, कोडाबार, फार्माकोड इतके प्रकार ती काढते. क्यूआर नाही. कोड १२८ मध्ये आकडे आले की दोन-दोन आकडे एका खुणेत बसवणारा सी संच ती आपणहून निवडते, आणि त्याने किती फरक पडतो ते पाहा. बारा आकडे बी संचात (एका खुणेत एकच आकडा) लिहिले तर १६७ एकपट रेघांची रुंदी लागते, सी संचात १०१. दर रेघेला २ ठिपके धरले तर पहिला बारकोड ४१.७५ मिलिमीटरचा, दुसरा २५.२५ चा. ३८ मिलिमीटरच्या स्टिकरवर दुसराच बसेल.

ईएएन-१३ ला, म्हणजे दुकानातल्या मालावरच्या तेरा आकडी बारकोडला, बारा आकडे दिले तर तेरावा चेक डिजिट (आधीच्या आकड्यांची चूक पकडणारा आकडा) ती स्वतः काढते. तेरा दिले तर तपासते आणि चुकीचा असेल तर नाकारते. ही शिस्त चांगली आहे, ती बंद पाडायला जाऊ नका.

तिच्या मूळ सेटिंगमध्ये मात्र एक खोट आहे. रेघेची जाडी २ पिक्सेल आणि कडेचे मार्जिन १० पिक्सेल, म्हणजे दोन्ही बाजूंना सोडलेली कोरी जागा जेमतेम ५ रेघांची. कोड १२८ ला दोन्हीकडे १० रेघांइतकी कोरी जागा लागते. पडद्यावर भोवती पांढरेच पांढरे असते म्हणून हे लक्षात येत नाही. स्टिकरवर शेजारी किंमत किंवा चौकट आली की स्कॅनर अडतो. एक तर मार्जिन २० करा, नाहीतर मार्जिन शून्य ठेवून कोरी जागा लेबलच्या मांडणीतच सोडा. दुसरा मार्ग बरा.

ब्विप-जेएस ही पोस्टस्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या एका जुन्या, भक्कम बारकोड-लेखकाची जावास्क्रिप्ट आवृत्ती. शंभराहून अधिक प्रकार: क्यूआर, डेटा मॅट्रिक्स, जीएस१-१२८ (जीएस१ ही बारकोडचे नियम ठरवणारी जागतिक संस्था), पीडीएफ४१७, औषधांवरचे, टपालाचे. ब्राउझरमध्ये चालते, नोड सर्व्हरवरही चालते. एक्स्पायरी आणि बॅच नंबरसह जीएस१-१२८ किंवा जीएस१ डेटा मॅट्रिक्स हवा असेल तर दुसरीकडे पाहण्याची गरज नाही. कंसात ०१ (मालाचा नंबर), १७ (एक्स्पायरी), १० (बॅच) असे ओळख-आकडे लिहून दिले की मधले विभाजक ती स्वतः घालते, आणि ०१ च्या पुढच्या चौदा आकड्यांचा चेक डिजिट चुकला तर चित्रच काढत नाही. जेएसबारकोडमध्येही जीएस१ साठी एक पर्याय आहे, पण विभाजक कुठे घालायचे ही डोकेदुखी तिथे तुमचीच. ब्विप-जेएस वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. उंची ती मिलिमीटरमध्ये मागते, पण ते मिलिमीटर एकपट स्केलला ७२ डीपीआय धरून मोजलेले, त्यामुळे कागदावर पट्टीने मोजाल तर जुळणार नाहीत. आणि कडेची कोरी जागा मागितल्याशिवाय ती देत नाही.

सर्व्हरवर पीएचपी असेल तर टीसीपीडीएफ हे पीडीएफ बनवणारे साधन अजूनही कामाचे आहे. त्याच्या एकमिती बारकोडच्या फंक्शनमध्ये सर्वांत बारीक रेघेची रुंदी मिलिमीटरमध्ये देता येते. तिथे ०.२५ लिहा आणि ताणण्याचा पर्याय बंद ठेवा. एकूण रुंदी देऊन ताणायला सांगितले की रेघ ०.२३७ किंवा तसलीच काहीतरी होते आणि सगळे मुसळ केरात.

झिंट हे कमांडवरून चालणारे साधन आणि त्याच्याच सोबत येणारे खिडकीवाले ॲप. या यादीत कमीत कमी नावाजलेले, पण छपाईची जाण सर्वांत जास्त असलेले हेच. रेघेची जाडी मिलिमीटरमध्ये आणि प्रिंटरची घनता सांगितली की स्केल किती ठेवायचे याचा हिशेब ते स्वतः करते. कोरी जागाही एका स्विचने मिळते. डिझायनरला पाकिटावर टाकायला एसव्हीजी किंवा ईपीएस द्यायचे असेल तर डोळे मिटून झिंट.

बारकोडचे फॉन्ट हा सोपा वाटणारा आणि पुढे फसवणारा रस्ता. लिब्रे बारकोड हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. कोड ३९ च्या फॉन्टला मजकुराच्या मागेपुढे तारांकित खूण टाकली की झाले. पण कोड ३९ जागा फार खातो. तेच बारा आकडे, जाड रेघ तिप्पट धरली तर २२३ एकपट रेघा लागतात, म्हणजे ०.२५ च्या हिशेबाने ५५.७५ मिलिमीटर. ५० च्या स्टिकरबाहेर. जाड रेघ दुप्पट धरली तरी कोरी जागा मिळवून ५० ओलांडतेच. कोड १२८ च्या फॉन्टला सुरुवातीची खूण, चेकची खूण आणि शेवटची खूण तुम्हालाच काढून द्यावी लागते. नुसता नंबर त्या फॉन्टमध्ये टाकला तर बारकोडसारखे दिसणारे काहीतरी छापले जाते, वाचले कधीच जात नाही. वेब पेजवर आणखी एक पंचाईत होते: फॉन्ट उतरायच्या आधी छपाई सुरू झाली तर रेघांऐवजी साधे आकडे येतात. फॉन्ट तयार झाल्याचा इशारा आल्यावरच छपाई सुरू करा.

कुणाच्या तरी संकेतस्थळाचा पत्ता इमेजमध्ये टाकून बारकोड मागवण्याची सवय मात्र सोडाच. गूगलने आपली चार्ट-इमेज सेवा २०१२ मध्येच मोडीत काढल्याचे जाहीर केले. तरी पुढे कित्येक वर्षे लोक तिच्यावरून क्यूआर ओढत राहिले आणि ती खरोखर थांबली तेव्हा पावत्यांवर तुटक्या चित्राचे चौकोन उरले. एखाद-दुसरा बारकोड हवा असेल तर ऑनलाइन जनरेटर ठीक. रोजचे काम परक्याच्या सर्व्हरवर टांगून ठेवू नये.

नंबर कुठून आणायचा

माल फक्त तुमच्याच दुकानात विकला जाणार असेल तर मनाने ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी नंबर बनवू नका. ८९० ही मालिका जीएस१ इंडियाकडून मिळते आणि तुमचा कल्पित नंबर एखाद्या कंपनीच्या खऱ्या साबणाचा निघू शकतो. आपल्या दुकानापुरते नंबर २० ते २९ ने सुरू करायचे असा जगभरचा संकेत आहे. उदाहरणार्थ २००००००००१२३. डावीकडून विषम जागांवरच्या आकड्यांची बेरीज ४, सम जागांवरची ४ गुणिले ३ म्हणजे १२, एकूण १६, पुढच्या दहापर्यंत ४ कमी. चेक डिजिट ४, पूर्ण नंबर २०००००००० १२३४, अर्थात मधली मोकळी जागा काढून. किंवा सरळ कोड १२८ घ्या आणि सहा-आठ आकडी स्वतःचा कोड ठेवा. स्टिकर लहान असेल तर तेच बरे.

नंबर एक्सेलमधून येत असतील तर तो रकाना आधी टेक्स्ट करून घ्या. तेरा आकडी संख्या नाहीतर ८.९०१२३ ई अधिक १२ अशी दिसते, सीएसव्ही काढताना तशीच जाते आणि हजार स्टिकरांवर एकच बारकोड छापून येतो. सुरुवातीचे शून्यही असेच गळतात.

ईएएन-१३ आणि २०३ डीपीआय यांचे जमत नाही

ईएएन-१३ ची प्रमाण रेघ ०.३३ मिलिमीटरची आणि ८० टक्के ते २०० टक्के इतकी मुभा. ८० टक्के म्हणजे ०.२६४. आता २०३ च्या प्रिंटरवर २ ठिपके म्हणजे ०.२५, जे मुभेच्या खाली जाते, आणि ३ ठिपके म्हणजे ०.३७५. मधले काहीच शक्य नाही. कोरी जागा धरून ईएएन-१३ ला ११३ रेघांची रुंदी लागते. ३ ठिपक्यांनी ४२.४ मिलिमीटर होतात आणि ३८ बाय २५ चे स्टिकर इथेच बाद. २ ठिपक्यांनी २८ मिलिमीटरमध्ये बसतो आणि दुकानातला नेहमीचा स्कॅनर तो सहसा वाचतोही. पण मोठ्या साखळी दुकानाने माल तपासायला घेतला तर आकारावरच परत येऊ शकतो. मॉलला माल द्यायचा असेल तर ५० मिलिमीटरचे स्टिकर घ्या किंवा ३०० डीपीआयचा प्रिंटर. त्यावर ४ ठिपके ०.३३९ ला येतात, जवळजवळ नेमके प्रमाणात, पण ११३ रेघांचे ३८.३ मिलिमीटर होतात, तेव्हा ३८ चे स्टिकर तिथेही किंचित अपुरेच.

ब्राउझरच्या प्रिंट बटणाने

दिवसाला वीस-पन्नास स्टिकर असतील तर वेगळे काही बसवायला नको, क्रोमचे प्रिंट पुरते. फक्त नीट बांधायला हवे.

पानाचा आकार सीएसएसमध्ये ५० मिमी आणि २५ मिमी असा स्पष्ट लिहा, मार्जिन शून्य. ड्रायव्हरमध्येही त्याच मापाचा स्टॉक, म्हणजे कागदाचा आकार, बनवा. दोन्ही जुळले नाहीत तर क्रोम गुपचूप लहान-मोठे करते. बारकोड पीएनजी नको, एसव्हीजी घ्या. जेएसबारकोडला रेघेची जाडी १, मार्जिन ०, खालचा मजकूर बंद असे सांगा. मग एसव्हीजीच्या व्ह्यूबॉक्सची रुंदी म्हणजेच एकपट रेघांची संख्या. ती १०१ असेल तर सीएसएसमध्ये रुंदी २५.२५ मिमी द्या. रेघा १०१, प्रत्येकी ०.२५ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येकी पूर्ण २ ठिपके. प्रमाण राखण्याचा गुणधर्म ‘नन’ ठेवा म्हणजे उंची वेगळी देता येईल, आणि आकार रेखाटण्याचा गुणधर्म ‘क्रिस्प एजेस’. डावीकडून सुरुवातही ०.१२५ च्या पटीत ठेवा. पानाला मध्यभागी आणणारे फ्लेक्स इथे वापरू नका, ते अर्ध्या ठिपक्यावर नेऊन बसवते. नंबर खाली वेगळ्या ओळीत साध्या मजकुरात लिहा.

प्रिंटच्या खिडकीत स्केल १००, हेडर-फूटर बंद. रेघा एसव्हीजीऐवजी पार्श्वभूमीचा रंग दिलेल्या डिव्हने काढल्या असतील तर ‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’ची खूण नसताना कोरे स्टिकर बाहेर येतात. पीडीएफ करून छापत असाल तर ‘फिट’ नव्हे, ‘ॲक्च्युअल साइज’. काही ईआरपी (धंद्याचा सगळा कारभार सांभाळणारी सॉफ्टवेअर), ओडू त्यातलेच, वेब पेजचे पीडीएफ करायला डब्ल्यूकेएचटीएमएल-टू-पीडीएफ वापरतात आणि हे साधन आपणहून पान आक्रसते. ती हुशारी बंद करण्याचा स्विच आहे, तो लावा. त्या साधनाच्या कोडचे भांडार २०२३ च्या जानेवारीत संग्रहात टाकले गेले आहे, म्हणजे त्यावरचे काम थांबले, तेव्हा नव्या कामासाठी त्याच्यावर विसंबू नये.

प्रत्येक स्टिकरनंतर एक कोरा स्टिकर निघतो, ही सर्वांत जास्त विचारली जाणारी अडचण. मजकूर २५ मिलिमीटरच्या केसभर पुढे जातो आणि ब्राउझर दुसरे पान उघडतो. लेबलच्या डब्याची उंची २४.५ मिमी करा, बाहेर जाणारे लपवा, आणि पान तोडण्याची सूचना शेवटचे लेबल सोडून बाकीच्यांना द्या.

दर वेळी प्रिंटची खिडकी नको असेल तर क्रोमच्या शॉर्टकटला किऑस्क-प्रिंटिंगचा स्विच लावता येतो. मग छपाई थेट डिफॉल्ट प्रिंटरवर जाते, म्हणून लेबल प्रिंटर डिफॉल्ट असायला हवा. आणि क्रोमची एखादी खिडकी आधीच उघडी असेल तर स्विच लागूच होत नाही. त्यासाठी वेगळे प्रोफाइल ठेवा. पण बिल एका प्रिंटरवर आणि स्टिकर दुसऱ्यावर हवे असेल तर हा मार्ग तिथेच संपतो.

थेट प्रिंटरच्या भाषेत

दिवसाला शेकड्यांनी स्टिकर असतील तर माझे मत स्पष्ट आहे: बारकोडचे चित्र पाठवू नका, हुकूम पाठवा. झेब्रा कंपनीच्या प्रिंटरांची झेडपीएल किंवा टीएससी आणि तत्सम प्रिंटरांची टीएसपीएल, या त्या हुकुमांच्या भाषा. बारकोड प्रिंटरच स्वतः काढतो, रेघ २ ठिपक्यांची म्हणजे २ चीच येते. ब्राउझर, ड्रायव्हर, स्केल यांपैकी कुणाचा हात लागत नाही. पाचशे प्रती हव्यात तर एका ओळीत आकडा द्यायचा. तोच रोल ब्राउझरने पाचशे पानांच्या फाइलने छापायला घेतला तर संगणक घामाघूम.

टीएसपीएलची रचना सरळ आहे. पहिल्या ओळीत लेबलचे माप, दुसरीत दोन लेबलांमधले अंतर, बहुधा ३ मिमी, मग पुसण्याचा हुकूम, मग बारकोड, शेवटी प्रती. दोन स्टिकर शेजारी-शेजारी असलेला रोल असेल तर माप दोन्हींचे मिळून द्या. ५० चे दोन आणि मध्ये २ मिमी असेल तर रुंदी १०२, आणि दुसऱ्या स्टिकरचे सगळे आडवे अंक ५२ गुणिले ८ म्हणजे ४१६ ठिपक्यांनी पुढे. हार्डवेअरच्या दुकानात अर्धा इंची पाइपच्या नावात इंचाची खूण येते आणि टीएसपीएलला ती मजकूर संपल्याची खूण वाटते. तेवढेच लेबल अर्धवट निघते. तिथे उलट-तिरकी रेघ आणि चौकटी कंसाची पळवाट आहे. झेडपीएलमध्ये हाच त्रास कॅरेट आणि टिल्डे या खुणांचा.

झेडपीएलच्या कोड १२८ च्या हुकुमात मोड न दिल्यास बी संच धरला जातो. तेच बारा आकडे मग १६७ रेघांचे होतात आणि ३८ च्या स्टिकरबाहेर जातात. शेवटचा मोड ‘ए’ ठेवा, सी संच आपोआप येतो. टीएसपीएल १२८ प्रकारात हे आपणहून करते. हुकूम छापण्याआधी पाहायचे असतील तर लेबलरी हे फुकटचे संकेतस्थळ उत्तम: झेडपीएल चिकटवा, मिलिमीटरला ८ ठिपके निवडा, लेबल समोर. रोलची नासाडी वाचते. फक्त त्यात ग्राहकांची खरी नावे-पत्ते टाकू नका, सार्वजनिक सेवा आहे.

अडचण अशी की ब्राउझर प्रिंटरच्या ९१०० क्रमांकाच्या पोर्टला थेट बोलू शकत नाही, आणि क्लाउडवरचा सर्व्हर दुकानातल्या यूएसबीला हात लावू शकत नाही. गूगल क्लाउड प्रिंट होते, ते ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाले. म्हणून संगणकावर मधला दूत बसवावा लागतो.

क्यूझेड ट्रे हा त्यातला माझा पहिला पर्याय. मुक्तस्रोत, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर, आणि कोणत्याही कंपनीचा प्रिंटर. पान ८१८१ पोर्टवर त्याच्याशी बोलते, प्रिंटरचे नाव आणि कच्चा हुकूम देते, लेबल बाहेर. एक प्रिंटर बिलाला, एक स्टिकरला, सहज जमते. खटकणारी गोष्ट परवानगीची. डिजिटल सही नसलेली विनंती गेली की दर वेळी खिडकी विचारते, आणि ‘लक्षात ठेव’ची खूणही तिथे कामाला येत नाही. एक तर पैसे भरून प्रमाणपत्र घ्या, नाहीतर स्वतःचे बनवून प्रत्येक संगणकावर ठेवा. पाच संगणक असतील तर दुसरे सोपे आहे, पन्नास असतील तर पहिले. सही करणारी खासगी किल्ली सर्व्हरवरच राहू द्या. पानाच्या जावास्क्रिप्टमध्ये टाकलेली किल्ली म्हणजे दाराला कुलूप लावून चावी कडीला अडकवणे.

सगळे प्रिंटर झेब्राचे असतील तर झेब्रा ब्राउझर प्रिंट फुकट आणि बसवायला हलके. तो दुसऱ्या कंपनीच्या प्रिंटरांसाठी नाही. पहिल्यांदा संकेतस्थळाला परवानगी विचारतो, आणि क्रोमच्या अलीकडच्या आवृत्त्या आपल्याच संगणकाशी बोलणाऱ्या पानांसाठी स्वतंत्र परवानगी मागतात. घाईत ‘ब्लॉक’ दाबले गेले की छपाई मुकाट बंद. आधी तिथे पाहा, मग कोडमध्ये.

वेबयूएसबी कागदावर आकर्षक: काहीच बसवायचे नाही. प्रत्यक्षात विंडोजचा प्रिंटर ड्रायव्हर यंत्र आधीच धरून बसलेला असतो. तो सोडवायला वेगळा ड्रायव्हर चढवावा लागतो, आणि मग नेहमीच्या प्रोग्रॅममधून तो प्रिंटर दिसेनासा होतो. फायरफॉक्स आणि सफारीत हा मार्गच नाही. अँड्रॉइड टॅबलेट आणि ओटीजी केबल अशा जोडीवर मात्र तो छान चालतो, तिथे जरूर वापरा. वेब ब्लूटूथ फक्त कमी ऊर्जेच्या ब्लूटूथशी बोलते आणि जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथचे स्वस्त प्रिंटर त्याला दिसतच नाहीत. खरेदीआधी हे विचारून घ्या.

स्टिकरवर मराठी

बचत गटाचा कांदा-लसूण मसाला असो की गूळ, नाव मराठीत हवेच, आणि इथे प्रिंटरची भाषा हात टेकते. प्रिंटरच्या आतल्या नेहमीच्या फॉन्टांत देवनागरी नसते, आणि बाहेरून फॉन्ट चढवला तरी जोडाक्षरे आणि वेलांट्या जागेवर बसवण्याचे काम सगळे प्रिंटर करत नाहीत. उपाय असा: बारकोड हुकुमानेच छापायचा, आणि फक्त नावाची ओळ ब्राउझरच्या कॅनव्हासवर काढून चित्र म्हणून पाठवायची. ४८ मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर उंच पट्टी म्हणजे ३८४ बाय ४० ठिपके, १९२० बाइट. वेगाला धक्का लागत नाही. कॅनव्हास नेमक्या ठिपक्यांइतकाच घ्या, मोठा काढून लहान करू नका. अक्षर जाड वजनाचे घ्या. काळे-पांढरे करताना बारीक फॉन्टचा अनुस्वार आणि रफार गळून पडतो आणि ‘कांदा’चा ‘कादा’ होतो. झेडपीएलमध्ये १ म्हणजे काळा, टीएसपीएलमध्ये ० म्हणजे काळा. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरे आली तर बिट उलटे करायचे राहिले आहेत.

बारकोडच्या आत मात्र मराठी घालू नका. कोड १२८ ला देवनागरी आकडेही चालत नाहीत. मराठी कीबोर्डवरून टाइप झालेले १२३ आधी इंग्रजी आकड्यांत बदलून मगच लायब्ररीला द्या, नाहीतर ती चूक दाखवून थांबते. क्यूआरमध्ये देवनागरी बसते, दर अक्षरखुणेला ३ बाइट. मोबाइल ती वाचतो, पण कीबोर्ड बनून टाइप करणारा काउंटरवरचा स्कॅनर तिचा कचरा करतो.

कागद, रिबन, हेड

थोडक्यात: डायरेक्ट थर्मलचे स्टिकर ऊन आणि उष्णतेने काळवंडतात किंवा पुसट होतात. आठवड्याभरात विकला जाणारा माल असेल तर चालतील, वर्षभर मांडणीवर राहणाऱ्यासाठी रिबनचा प्रिंटर घ्या. कागदी स्टिकरला वॅक्स रिबन, प्लॅस्टिकच्या स्टिकरला रेझिन. वॅक्स प्लॅस्टिकवर नखाने खरवडले जाते. लाल रंगात बारकोड छापू नका, लाल उजेडाच्या स्कॅनरला तो पांढराच दिसतो.

प्रत्येक स्टिकरवर एकाच जागी उभी पांढरी रेघ दिसली तर हेडचा ठिपका मळला आहे किंवा जळला आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसा. गेली नाही तर जळलाच. उभ्या रेघांच्या बारकोडमध्ये ती एखादी रेघ वरपासून खालपर्यंत कापते आणि बारकोड मेलाच. नवे हेड येईपर्यंत बारकोड नव्वद अंशांत फिरवून छापा: तीच पांढरी रेघ आता सगळ्या रेघांना आडवी जाते आणि स्कॅनर तिच्या बाजूने वाचतो. फिरवलेल्या बारकोडमध्ये वेग आणि उष्णता जास्त असेल तर रेघा फुगतात, म्हणून वेग एक-दोन पायऱ्या उतरवा. गडदपणा वाढवून सगळे सुटते हा समज काढून टाका. जास्त उष्णतेने रेघा पसरतात आणि मधल्या फटी बुजतात. वाचत नसेल तर भिंगातून पाहा: फटी बुजलेल्या दिसल्या तर उष्णता कमी करा, रेघा तुटक दिसल्या तर वाढवा. रोल बदलला की गॅप सेन्सर पुन्हा जुळवून घ्या, नाहीतर छपाई दर स्टिकरला थोडी-थोडी सरकत जाते.

शेवटी तपासणी, आणि ती मोबाइलने नाही. मोबाइलचा कॅमेरा वाईट बारकोडही उदारपणे वाचतो. दुकानातल्याच स्कॅनरने नोटपॅडमध्ये रोलच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे स्टिकर वाचून पाहा. एका झटक्यात आले पाहिजेत, दोन-तीनदा हलवून नव्हे. अक्षरे असलेला कोड वाचताना ‘के’च्या जागी ‘क’ आणि ‘ए’च्या जागी ओकाराची मात्रा आली तर छपाईला दोष देऊ नका. विंडोजचा कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर आहे आणि स्कॅनर त्याच्या कळा दाबतो आहे. नावे मराठीत आणि कोड इंग्रजीत टाइप होणाऱ्या बिलिंगच्या पानावर हे रोज घडणार. म्हणून स्कॅनच्या रकान्यात कळीच्या इव्हेंटचा ‘की’ न वाचता ‘कोड’ वाचा. तो कोणती कळ दाबली तेवढेच सांगतो, भाषा कोणतीही असो. त्यावरून अक्षर काढा, आणि एंटर आल्याशिवाय शोध सुरू करू नका.